उघड्या प्लेटवर बोलू नये

दातांच्या कॉलेजात नोकरी करणाऱ्या बाईच्या नवऱ्याचे दात किडके असावेत, याला दिव्याखाली अंधार नाही तर काय म्हणायचं? पालाबाईंच्या घरात हा अंधार चांगला ठाण मांडून बसला होता. ज्या इमारतीत दिवसभर लोकांचे जबडे उघडून बघायचे, त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, जंतूंच्या प्रयोगशाळेत बाई काम करायच्या. आणि त्यांचा नवरा मात्र उजव्या दाढेनं चावायचं टाळत, गालात पेपरमिंटची गोळी धरून संसार करत होता.

पालाबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कॉलेजच्या मागे, सायकली लावायच्या जागेपाशी पेरूचं एक झाड होतं. बाई त्याची पानं टोपलीत भरून आणायच्या, धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, मिक्सरमधून काढायच्या आणि अल्कोहोलमध्ये भिजत घालायच्या. गाळून, अल्कोहोल उडून गेलं की तळाशी काळपट हिरवा चिकट अर्क उरायचा. दात किडवणारे जंतू या अर्कानं मरतात का आणि किती मरतात, हे पाहणं हे बाईंचं काम. त्यामुळे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना पालाबाई म्हणायचे. वरवर बाई नाक मुरडायच्या, पण मनातून त्यांना ते नाव आवडायचं.

काम तसं साधं. प्लेट म्हणजे तळहाताएवढी झाकणाची बशी. तिच्यात जेलीसारखं खाद्य ओतून गोठवायचं, त्यावर जंतू पसरायचे, मध्ये भोकं पाडून त्यांत अर्काचे थेंब सोडायचे आणि इन्क्युबेटरच्या उबेत ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची पांढुरकी साय धरलेली असते. भोकाभोवती मात्र स्वच्छ कडं दिसलं, तर समजायचं की अर्कानं काम केलं. कडं जितकं रुंद, तितका अर्क जालीम.

साधं असलं तरी या कामात शिस्त लागते, आणि शिस्तीच्या बाबतीत पालाबाई म्हणजे साक्षात मारकुटी मास्तरीण. माणसाचं तोंड म्हणजे जंतूंचं आगर. बोलताना थुंकीचे बारीक कण उडतात, ते उघड्या प्लेटवर पडले की झालं, आपले जंतू कुठले आणि पाहुणे कुठले हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून बाईंनी स्वतःच्या अक्षरात पाटी लिहून भिंतीवर लावली होती: 'उघड्या प्लेटवर बोलू नये.' कुणी नवी डॉक्टरीण मास्क हनुवटीवर ओढून मैत्रिणीशी कुजबुजताना दिसली, की बाई नुसतं त्या पाटीकडे बोट करायच्या. तेवढ्यानं पोरींची दातखीळ बसायची.

आता जंतू आणायचे कुठून? लोकांच्याच तोंडातून. अभ्यास सुरू झाला तेव्हा किडक्या दातांचे नमुने हवे होते, आणि घरात तर खाणच होती. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. काचेच्या बारीक भुकटीनं घसा कोरडा पडतो म्हणून दिवसभर पेपरमिंट चघळायचा. शर्टाच्या खिशात सुटे पैसे कमी आणि गोळ्या जास्त. एका रविवारी बाईंनी त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, खिडकीकडे तोंड करून. "आ करा," म्हणाल्या. त्यानं गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि आ केला. बाईंनी कापसाची काडी दाढेवर फिरवली आणि नळीत टाकली.

"म्हणजे माझी कीड तुझ्या नोकरीला उपयोगी पडली म्हणायची," तो म्हणाला.

"कीड कसली मिरवताय? एकदा येऊन दाखवा म्हणून कानीकपाळी ओरडतेय मी. फुकटात होईल."

"बघू," तो म्हणाला. त्याचं हे 'बघू' म्हणजे विषय संपला. तो कधीच आला नाही, आणि बाईंनी त्याला कायमचा हट्टी ठरवून टाकलं.

तो नमुना सातवा होता. नळीवर सात आकडा पडला, आणि तेव्हापासून त्याच्या दाढेतल्या जंतूचं नाव सात नंबर. बाकीच्यांसारखाच तोही अर्कासमोर नांगी टाकायचा. भोकाभोवती छान रुंद कडं यायचं. बाईंनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा, "तुमचा सात नंबर गारद झाला हो." तो हसला आणि पुढची गोळी सोलली.

मग एके दिवशी दुकानात, काच घासायच्या मशीनपाशीच, तो गेला. छातीत कळ आली, स्टुलावर बसला, आणि संपलं. मशीन बंद करायचंही कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणे. त्यांना मूलबाळ नव्हतं. नणंद आली, राहिली, त्याचे कपडे बांधून कुणाकुणाला देऊन टाकले, कपाट पुसून घेतलं आणि आपल्या घरी गेली. तिचं चुकलं असं नाही, ते कुणीतरी करायलाच हवं होतं. पण बाई रिकाम्या कपाटासमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना वाटलं, या माणसाचं आता या जगात काही म्हणजे काही उरलं नाही.

कामावर परत आल्या त्या दिवशी त्यांनी इन्क्युबेटर उघडला. रजेवर जायच्या आदल्या दिवशी पेरलेल्या प्लेटा तशाच होत्या. सात नंबरची हातात घेऊन उजेडाकडे धरली. वाढ झाली होती. बारीक बारीक पांढरे ठिपके, जिवंत. माणूस गेला होता आणि त्याच्या दाढेतलं ते मात्र बिनघोर वाढत होतं.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं, दात किडवणारा जंतू तो. खरंय. पण ज्याच्या घरी कुणी वाट बघणारं नसतं, त्याला कशाचीही सोबत चालते.

जंतू जिवंत ठेवायचा म्हणजे त्याला दर पंधरवड्याला नव्या प्लेटवर हलवावं लागतं. जुन्या प्लेटवरचा एक चांगला टपोरा ठिपका तारेच्या टोकावर उचलायचा आणि ताज्या खाद्यावर ओढायचा. खरं तर यासाठी फ्रीझर असतो. कुपीत गोठवून ठेवला की वर्षानुवर्षं बघायला नको. तशा सात नंबरच्या कुप्या फ्रीझरमध्ये होत्याही. पण दरवर्षी ताज्या वाढीतून नवी कुपी भरायची आणि जुनी फेकून द्यायची, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. आपल्या माणसाला शिळं कशाला ठेवायचं, हा त्यांचा हिशेब. पहिली कुपी कधीच टाकू नये, हे कुठल्याही नवशिक्याला त्यांनीच खडसावून सांगितलं असतं.

सात नंबरची प्लेट बाई दुपारच्या सुट्टीत हलवायच्या. सगळे जेवायला गेलेले, पंखा फिरतोय, बर्नरची निळी ज्योत. त्या झाकण उघडायच्या आणि मास्क खाली ओढायच्या. तोंडाला फडकं बांधून नवऱ्याशी कोण बोलतं?

"अहो, उठलात का?" इथून सुरुवात व्हायची. मग स्वयंपाकघरातला नळ गळतोय, प्लंबर दोनदा बोलावून आला नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी कुत्रं आणलंय. तुमच्या बहिणीचा फोन आला होता, तिची सून अजून फुगलेलीच आहे. घरी रविवारभर बाईंच्या तोंडून शब्द निघायचा नाही. सोमवारी सकाळी बसमध्ये तिकीट मागताना आवाज असा खरखरत यायचा की कंडक्टर वर बघायचा. त्यामुळे या दुपारी त्यांना हव्या असायच्या. डोक्यावर आपलीच पाटी लटकतेय हे त्यांना ठाऊक होतं. पण नियम इतरांसाठी होता, आणि सात नंबर काही इतर नव्हता.

मध्येच एकदा सात नंबरनं घाबरवलं. ठिपके बारीक यायला लागले, मलूल, जेमतेम दिसतील असे. त्यांनी खाद्य बदलून पाहिलं, ऊब कमी-जास्त करून पाहिली, आणि प्लेट उघडून जवळ वाकून कितीतरी वेळ बोलत बसल्या. "असं करू नका हो," म्हणाल्या. "तुम्हीपण गेलात तर मी कुणाकडे बघू?" दोन दिवसांनी त्या मरतुकड्या ठिपक्यांत एक ठिपका असा टपोरा, असा तकतकीत आला की बाईंचा जीव भांड्यात पडला. तोच त्यांनी तारेवर उचलला. तिथून पुढे सात नंबरची तब्येत ठणठणीत. "आता कसं," बाई म्हणाल्या.

आणि गंमत बघा, त्या दुखण्यातून उठल्यापासून सात नंबर अर्काला जुमानेना. बाकीचे सगळे जंतू पूर्वीसारखेच मरत होते. सात नंबर भोकाच्या अगदी काठापर्यंत वाढायचा. कडं नावाला नाही. अर्क दुप्पट केला तरी तेच. बाईंना आतून उकळ्या फुटत होत्या. ज्यासाठी पगार घ्यायचा तो अर्क हरत होता, आणि ही बया हरखून प्लेटकडे बघत होती. "हट्टी ते हट्टीच," त्या म्हणायच्या. "जिवंतपणी ऐकलं नाहीत, आता काय ऐकणार?"

घरीही आता त्यांना त्याचा हट्टीपणाच आठवायचा. दिवाणखान्यातल्या सोफ्याची उजवी कड झिजून आतला स्पंज बाहेर आला होता. तो नेहमी तिथंच बसायचा, सोफ्याच्या लाकडी हाताला टेकून, अर्धा बाहेर. एवढा मोठा सोफा, मध्ये बसायला काय धाड भरली होती? पण नाही. बाईंनी त्या भोकावर उशी ठेवली होती. संध्याकाळी चहा घेताना त्या उशीकडे बघून म्हणायच्या, "कडेलाच बसायचं, दुसऱ्याचं ऐकायचं नाही." असा हट्टी माणूस घरात होता असं म्हटलं की घर जरा भरल्यासारखं वाटायचं. रोज सकाळी उरलेल्या अर्काचे थेंब पाण्यात टाकून त्या चूळ भरायच्या, नवरा होता तेव्हापासूनची सवय. चवीला जहर. पण आपण केलेलं औषध आधी आपल्या तोंडात, हा त्यांचा बाणा सगळ्या कॉलेजला ठाऊक होता, आणि साठी जवळ आली तरी त्यांचे दात खणखणीत होते.

मग अभ्यास संपत आल्याची खबर आली. विभागप्रमुख मॅडम म्हणजे चालता-बोलता घड्याळाचा काटा. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर हलणार, जुने नमुने ठेवायला जागा नाही, सगळं वाफेच्या भांड्यात घालून निर्जंतुक करायचं. वाफेच्या भांड्यात म्हणजे जिवंत काही उरत नाही. बाई मागे रेंगाळल्या. सगळे गेल्यावर मॅडमच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"मॅडम, सात नंबर टाकायचा नाही."

"का?"

"तो अर्काला दाद देत नाही. असा दुसरा नाही आपल्याकडे."

मॅडमनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "हे बरोबर आहे तुमचं. आपण तो जंतुसंग्रहाकडे पाठवू. तिथं कायमचा राहील. पण ते ओळख पटवल्याशिवाय घेत नाहीत हं."

कायमचा. बाईंनी तो शब्द घरी नेला आणि रात्री उशाशी घेऊन झोपल्या. आपण मेल्यावरही सात नंबर असेल. बर्फात का होईना, असेल. त्यांना दुसरं काही नको होतं. ओळख पटवा, काय हवं ते करा. त्या स्वतः मागे लागल्या, रोज मॅडमना आठवण करून दिली, शेवटी स्वतःच प्लेट डब्यात घालून पलीकडच्या इमारतीत घेऊन गेल्या.

तिथं जुळणी करणारा एक माणूस होता. सगळे त्याला जुळणीवालाच म्हणायचे. मऊ बोलणारा, केस विरळ झालेला, टेबलावर कॅक्टसची कुंडी. जंतूचा आतला मसाला, म्हणजे डीएनए, काढून तो त्याच्या पट्ट्यांचा नकाशा बनवायचा. माणसाच्या बोटाच्या ठशासारखा प्रत्येकाचा वेगळा. सात नंबर पहिल्यांदा आला तेव्हा त्याचा नकाशा काढून ठेवलेला होता. त्याच्याशी आजचा ताडून बघायचा, एवढंच.

"आणि हाताळणाऱ्यांच्याही तोंडाचे नमुने लागतील," तो म्हणाला. "नियम आहे. कोण कोण हाताळतं?"

"मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही मी."

"मग आ करा," तो म्हणाला, आणि बाईंनी आ केला.

आठवड्यानं त्यानं बोलावलं. बाई चांगली साडी नेसून गेल्या होत्या, शुभकार्याला निघाल्यासारख्या. त्यानं खुर्ची पुढे ओढली. चहा घेणार का विचारलं. बाई नको म्हणाल्या तरी मागवला. तेव्हाच बाईंच्या लक्षात यायला हवं होतं. नुसती जुळणी सांगायला कुणी चहा पाजत नाही.

"हा जुना नकाशा," त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "तुमच्या मिस्टरांच्या नमुन्याचा. आणि हा आजच्या सात नंबरचा."

बाईंना पट्ट्या वाचता येत होत्या. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता.

"प्लेट बदलली असेल," त्या म्हणाल्या. "पुन्हा लावा."

"दोनदा लावली." मग त्यानं शेजारी तिसरा नकाशा आणला. तो सात नंबरच्या नकाशाशी पट्टीला पट्टी जुळत होता. "हा तुमचा आहे, बाई. तुमच्या तोंडातला."

बाई बघत राहिल्या. चहा आला आणि त्याच्यावर साय धरायला लागली.

"उघड्या प्लेटवर कुणीतरी बोललं असणार," तो खाली बघत म्हणाला. "एखादा कण पडला की पुरे होतो. आणि तुमच्या तोंडातल्या जंतूला अर्काची सवय असणार. तुम्ही रोज चूळ भरता ना त्याची? म्हणून तो मरत नाही. मूळचा बिचारा साधा होता, कधी मागे पडला असेल कोण जाणे."

"नवरा-बायकोचे जंतू एकच असतात कधी कधी," बाई म्हणाल्या. आवाज सोमवार सकाळसारखा आला. "एकाचे दुसऱ्याकडे जातात. मी वाचलंय."

"असतात ना. पण तुमचे नाहीत." तो पुढे झुकला. "मूळची कुपी असेल तर आणा. फ्रीझरमधली पहिली. त्यातून पुन्हा उठवू आपण त्याला. काही अवघड नाही."

पहिली कुपी. बाईंनी ती स्वतःच्या हातानं केव्हाच जंतूंच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली होती. शिळं कशाला ठेवायचं म्हणून. "नाही," त्या म्हणाल्या. तो टपोरा तकतकीत ठिपका त्यांना आठवला. त्यांनीच उचलला होता तारेवर, हसतहसत, आणि बाकीचे मलूल ठिपके, जे खरे त्याचे होते, त्यांच्यासकट ती सगळी प्लेट वाफेच्या भांड्यात टाकली होती. आता कसं, म्हणाल्या होत्या.

घरी येऊन त्या चपला न काढता सोफ्यावर बसल्या. नेहमीच्या जागी, मधोमध. फोन वाजत होता तो बऱ्याच वेळानं उचलला. नणंद होती.

"वहिनी, काय गं, आवाज काय झालाय तुझा?"

बाईंना काय सांगावं कळेना. दाढेतल्या जंतूची गोष्ट कुणाला सांगणार? त्या म्हणाल्या, "काही नाही गं. तुझ्या दादाची आठवण आली. त्यांचा हट्ट आठवला."

पलीकडे नणंद हसली. "दादा आणि हट्टी? काय बोलतेस वहिनी? अगं दादानं तुमच्या घरात पंख्याचं बटणसुद्धा स्वतःच्या मनानं दाबलं नाही कधी."

"दात दाखवायला आले का शेवटपर्यंत?"

"ते होय." नणंदेचा आवाज खाली आला. "मला म्हणाला होता तो एकदा. तुझ्या कॉलेजातले सगळे बघणार, पालाबाईच्या नवऱ्याचं तोंड हे असं. तुझी मान खाली जाईल म्हणून येत नव्हता. दुखायचं गं त्याला. रात्री लवंग धरून बसायचा. तुला सांगू नको म्हणाला."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हट्टी तू आहेस वहिनी," नणंद प्रेमानंच म्हणाली. "मी यायची तेव्हा बघायची ना. तू नुसतं 'सरका जरा' म्हणायचीस आणि दादा आपला सरकायचा. सरकून सरकून पार सोफ्याच्या हातावर जाऊन बसायचा. मी हसायची तर डोळ्यांनी गप्प राहा म्हणायचा."

फोन ठेवल्यावर बाईंनी उजवीकडे पाहिलं. उशी उचलली. झिजलेली कड, बाहेर आलेला स्पंज. आणि सोफ्याच्या मधोमध, त्या बसल्या होत्या तिथं, रुंद ऐसपैस खड्डा. त्यांच्या एकटीचा. इतकी वर्षं त्या रोज बघत होत्या आणि त्यांना ते दिसलं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर जागा घेतली होती आणि त्यानं दिली होती, आणि तो गेल्यावर त्याच्याजवळ जी तळहाताएवढी बशी उरली होती, तिच्यावरही त्या बोलत बोलत जाऊन बसल्या होत्या. त्याचे जंतूसुद्धा त्याच्यासारखेच निघाले. काही न बोलता सरकले.

बाई रडल्या. मोठ्यानं रडल्या, कारण ऐकायला कुणी नव्हतं. वरच्या मजल्यावरचं कुत्रं तेवढं भुंकलं.

सात नंबर मात्र जंतुसंग्रहात गेला. मॅडमनी अडवलं नाही. कुणाच्या का तोंडातला असेना, अर्काला पुरून उरणारा जंतू आहे, अभ्यासाला हवाच, त्या म्हणाल्या. बाईंना थोडी समज दिली, मग स्वतःच ओशाळून पाठीवर हात ठेवला. संग्रहाची तयारी बाईंनीच करायची होती. त्या दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी प्लेट घेतली, मास्क नाकाच्या वर ओढला, त्याच्या दोऱ्या दोनदा आवळल्या आणि झाकण उघडलं. ठिपके तसेच टपोरे, तकतकीत. ओळखीचं तिथं काही नव्हतं, आणि होतं तर सगळं ओळखीचंच होतं. त्यांनी तार तापवली, गार केली, ठिपका उचलला आणि कुपीत सोडला. सगळं पाटीवर लिहिलंय तसं, एक शब्द न बोलता. कुपीवर नमुना कुणाचा हे लिहायचं होतं तिथं स्वतःचं वय घातलं आणि पुढे 'स्त्री' लिहिलं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी चहा केला. कप घेऊन सोफ्यापाशी आल्या. मधल्या खड्ड्यात न बसता त्या उजव्या कडेला गेल्या, उशी काढून खाली ठेवली आणि त्या झिजलेल्या जागी बसल्या. बसवत नव्हतं. लाकडी हात बरगडीत रुतत होता, एक पाय अधांतरी होता. असं त्यानं किती वर्षं काढली असतील, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. डावीकडे सोफा लांबच लांब मोकळा पडला होता.

"अहो," बाई म्हणाल्या, "मी सरकलेय. बसा आता."

मग कप हातात तसाच धरून, त्या रिकाम्या जागेकडे बघत, चहा गार होईपर्यंत त्या कडेलाच बसून राहिल्या.